मोगलाईतील बातमी

कर्नाटकातील बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेकडे, मंठाळ हे गाव आहे. या भागात कानडी, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात; घरात एक, शेतात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलणारी माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे आणि सोलापूरकडचे लोक त्याला मोगलाई म्हणत. आशिया व आफ्रिका खंडांतील नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत वृत्तपत्रे, नभोवाणी आणि प्रचार यांनी लोकांची राजकीय मते कशी घडविली, याचा पुष्कळ ऊहापोह गेल्या शतकात झाला. त्यासाठी विद्वान मंडळी तुर्कस्तानात गेली, इजिप्तमध्ये गेली. मोगलाईच्या या सरहद्दीवर तोच प्रयोग अवघ्या दहा वर्षांत, आणि माणसांच्या प्राणांची किंमत देऊन होऊन गेला होता. त्याची नोंद मात्र फारशा कोणी त्या दृष्टीने घेतली नाही.

हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १९४१ च्या खानेसुमारीत एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात होती. त्यांपैकी निम्मे लोक तेलुगू बोलत, चतुर्थांश मराठी, आणि कानडी व उर्दू यांचा वाटा प्रत्येकी दहाबारा टक्क्यांचा. असे असूनही कचेरी, न्यायालय आणि वरच्या वर्गांचे शिक्षण यांची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच होते. देशी भाषेत उच्च शिक्षण देणारे हे विद्यापीठ हिंदुस्थानात अभिनव म्हणून गाजले आणि ते कौतुक अगदीच अस्थानी नव्हते. परंतु ज्या देशी भाषेचा हा गौरव झाला ती बहुसंख्य प्रजेची नव्हे, ही गोष्ट त्या कौतुकात झाकून गेली. संपूर्ण संस्थानात शंभर माणसांत दहादेखील साक्षर नव्हती. अशा प्रदेशात सरकारी हुकूम ‘जरीदा’ या राजपत्रात छापून येई, तो तहसीलदाराकडून पटवाऱ्याकडे जाई, आणि पटवारी किंवा पाटील तो गावाला जसा सांगेल तसा गावाला कळे. बातमीचा हा पहिला गाळणा. फर्मानात काय लिहिले आहे याहून ते कोण वाचून दाखवितो याला अधिक महत्त्व होते.

दुसरा गाळणा कायद्याचा. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकाने सार्वजनिक सभेस सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली होती. परवानगी मागावयाची म्हणजे कोण बोलणार, कशावर बोलणार, हे आधी अंमलदारास सांगावयाचे. खासगी शाळांवर निर्बंध, व्यायामशाळांवर निर्बंध, वाचनालयांवर नजर. ज्या राज्यात वाचनालय काढणे हे धाडसाचे कृत्य ठरते, तेथे वाचनालय ही आपोआपच राजकीय संस्था होते. आणि हैदराबादेत झालेही तसेच. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे भरले. तेथे भाषा, शिक्षण व नागरिकत्वाचे साधे हक्क यांचीच चर्चा मुख्य असली तरी सरकारने तिच्याकडे संशयानेच पाहिले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ च्या सप्टेंबरात, म्हणजे ती रीतसर जन्माला येण्यापूर्वीच, बंदी आली. ती १९४६ च्या जुलैपर्यंत टिकली. ज्या संघटनेला आठ वर्षे उघडपणे बोलता आले नाही, तिचे म्हणणे लोकांपर्यंत आडवाटांनीच पोचणार होते.

या परिस्थितीत निघालेल्या वृत्तपत्रांची नावेसुद्धा बोलकी आहेत. हैदराबाद शहरातील पहिल्या उल्लेखनीय मराठी साप्ताहिकाचे नाव ‘निजाम विजय’. लक्ष्मणराव फाटक यांनी ते १९२० साली सुरू केले. राज्यकर्त्याचा जयघोष शीर्षस्थानी छापून आतल्या पानांत प्रजेची गाऱ्हाणी हलक्या हाताने मांडावयाची, ही त्या काळातील संपादकाची कसरत होती. आजच्या वाचकाला त्यात लाचारी दिसेल. पण त्या शीर्षकाखालीच हजारो मराठी माणसांना आपली भाषा छापलेली पाहावयास मिळाली. तेलुगूत ‘गोलकोंडा पत्रिका’ हे पत्र सुरवरम प्रताप रेड्डी यांनी १९२६ साली काढले. तेलंगणात कवीच नाहीत असा टोमणा कोणी मारला, तेव्हा रेड्डी यांनी वाद घालण्याऐवजी साडेतीनशेहून अधिक कवींच्या रचनांचा संग्रह १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रचाराला असेही उत्तर देता येते. उर्दूत ‘रहबर-ए-दक्कन’सारखी सरकारला अनुकूल दैनिके होती, तशीच काझी अब्दुल गफ्फार यांच्या ‘पयाम’सारखी उदार मताची पत्रेही होती. उर्दू म्हणजे निजामाची बाजू आणि मराठी म्हणजे प्रजेची, अशी सोपी वाटणी पुढे पुष्कळांनी केली; ती वस्तुस्थितीला धरून नाही.

१९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक संस्थानच्या हद्दीबाहेरून काढण्यास आरंभ केला. निजाम सरकारने त्याला बंदी केली. ते दुसऱ्या नावाने निघाले. त्या नावावर बंदी आली, तेव्हा तिसरे नाव. बंदी नावावर असते, मजकुरावर नव्हे, ही कायद्यातील फट संपादकांनी बरोबर हेरली होती. अंकांची पुडकी सरहद्दीवरून आत येत ती टपालाने नव्हे, तर माणसांच्या हाताने. निजामाचे टपाल, नाणे आणि रेल्वे वेगळी होती, पण सोलापूरच्या गिरण्यांत काम करणारा मजूर सणाला मोगलाईतील आपल्या गावी जात असे, व्यापारी पेंठेला जात असे, वऱ्हाडे येत जात असत. त्यांच्या गाठोड्यांत काय आहे हे प्रत्येक नाक्यावर पाहणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. अंक गावात पोचला की तो एकाने वाचावयाचा आणि पंधरावीस जणांनी ऐकावयाचा. छापील शब्द येथे पुन्हा बोलका होई. बंदीमुळे त्याची विश्वासार्हता वाढे, हा आणखी एक लाभ. सरकार ज्याला भिते ते खरे असलेच पाहिजे, असा खेड्यातील माणसाचा हिशेब असतो. तो नेहमीच बरोबर असतो असे नाही.

वाचन न करणाऱ्यांसाठी बातमीची वेगळी वाहने होती. आर्य समाजाचे उपदेशक आणि भजनी मंडळ्या बीदर, उदगीर, कल्याणी या भागांत फिरत. १९३८ साली कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, धर्मप्रकाश या आर्यसमाजी तरुणाची हत्या झाली. आणि त्या नावाने पुढील सत्याग्रहाच्या काळात सबंध हिंदुस्थानातून माणसे व पैसा उभा राहिला. १९३८ च्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो थांबल्यावरही आर्य समाजाचा सत्याग्रह १९३९ च्या ऑगस्टपर्यंत चालला. लाहोरच्या वा दिल्लीच्या माणसाला हैदराबादचे कूळ, जहागीर, वेठबिगार यांची माहिती नव्हती. त्याच्यापर्यंत पोचला तो धार्मिक जुलमाचा प्रश्न. लढ्याला बळ आले हे खरे. परंतु लढ्याचा अर्थही त्यायोगे काहीसा बदलला. शेतकऱ्याची आणि जहागीरदाराची ओढाताण हिंदु-मुसलमानांच्या भाषेत सांगितली जाऊ लागली, आणि ही भाषा दोन्हीकडच्या प्रचारकांना सोयीची पडली.

याच सुमारास नभोवाणी आली. हैदराबादेत एका खासगी गृहस्थाने चालविलेले छोटे प्रक्षेपण केंद्र सरकारने १९३५ मध्ये आपल्याकडे घेतले आणि ‘दक्कन रेडिओ’ उभा राहिला. त्यावरून मुख्यत्वे उर्दूत आणि थोडा वेळ तेलुगू, मराठी व कानडी भाषांत कार्यक्रम होत. यंत्रे होती ती अंमलदारांच्या, वकिलांच्या व सावकारांच्या घरी. म्हणून रेडिओचा परिणाम शून्य होता असे मात्र समजू नये. १९४० साली अमेरिकेतील ओहायो प्रांताच्या एका परगण्यात पॉल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांची पाहणी केली. तीत आढळले की बहुतेक माणसे आपले मत वृत्तपत्र वा रेडिओ यांवरून थेट बनवीत नाहीत. ज्यांच्या शब्दाला आसपास मान आहे अशी माणसे ते वाचतात, ऐकतात, आणि इतरांना सांगतात. मत बनते ते या दुसऱ्या टप्प्यावर. ही गोष्ट अमेरिकेत शोधून काढावी लागली. मंठाळसारख्या गावाच्या चावडीवर ती कोणालाही सांगता आली असती. वकिलाच्या ओसरीवर रात्री ऐकलेली बातमी सकाळी बाजारात जाई तेव्हा तिच्यात वकिलाचे मत मिसळलेले असे, आणि दुपारी ती खेड्यात पोचेपर्यंत बातमी कोणती व मत कोणते हे वेगळे काढणे अशक्य होई.

शब्दांच्या सामर्थ्याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र छापील नव्हते. इत्तेहाद-उल-मुसलमीन ही संघटना १९२७ मध्ये निघाली. बहादूर यार जंग हे तिचे नेते असाधारण वक्ते होते. हैदराबादची सत्ता ही एका निजामाची नसून येथील प्रत्येक मुसलमानाची आहे, निजाम हा तिचे केवळ प्रतीक आहे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. ‘अनल मलिक’, म्हणजे मीच राजा, हे त्याचे सूत्र. वस्तुतः संस्थानातील बहुसंख्य मुसलमान गरीब होते. विणकर, टांगेवाले, शिपाई, भूमिहीन मजूर अशा माणसांच्या हाती राज्य कधीच आलेले नव्हते. त्यांना दोन शब्दांनी राज्याचा भागीदार करून टाकले. पोटाची भूक तशीच राहिली, पण मान उंच झाली. आणि ज्याच्याजवळ दुसरे काहीही नाही त्याला मान गमावण्याचे भय फार मोठे वाटते. १९४४ साली बहादूर यार जंग वारले. १९४६ च्या अखेरीस नेतृत्व लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे गेले. पहिल्याच्या वक्तृत्वाला विद्वत्तेचा लगाम होता. दुसऱ्याला तो नव्हता. रझाकारांचे गणवेष, संचलने आणि घोषणा यांनी १९४७ च्या उत्तरार्धात जिल्ह्याजिल्ह्यांत जरब बसली.

१९४७ च्या जूनमध्ये निजामाने फर्मान काढून ब्रिटिश सत्ता जाताच आपण स्वतंत्र होणार असे जाहीर केले. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट हा भारतात विलीन होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. स्वामी रामानंद तीर्थ १५ ऑगस्टला गजाआड गेले. पुढे ऑक्टोबरात जे घडले ते प्रचाराच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. भारताशी जैसे थे कराराचा मसुदा ठरला होता. २७ ऑक्टोबरच्या पहाटे हजारोंच्या जमावाने पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा दिला आणि शिष्टमंडळाचे दिल्लीला जाणे थांबले. ज्या राज्याने वीस वर्षे सभांना परवानग्यांचे कुलूप घातले, त्याच्या राजधानीत आता परवानगीवाचून जमलेला जमाव राज्याचे परराष्ट्रधोरण ठरवीत होता. करार अखेर २९ नोव्हेंबरला झाला, पण राज्य कोणाच्या हाती गेले आहे हे त्यापूर्वीच दिसून चुकले होते.

१९४८ चे पहिले आठ महिने हे दोन प्रचारयंत्रांच्या झुंजीचे होते. एप्रिलमध्ये भारतीय वृत्तपत्रांत रझवींचे एक भाषण प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही निशाण फडकेल आणि बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, अशा आशयाचे ते होते. असे भाषण झालेच नाही, असा खुलासा हैदराबाद सरकारने केला. भाषण त्याच शब्दांत झाले की नाही हा वाद पुढे इतिहासकारांत राहिला. परंतु त्या सुमाराची रझवींची इतर भाषणे पाहता ते त्यांच्या तोंडी शोभून दिसले, आणि एवढे पुरे झाले. तीच गोष्ट रझाकारांच्या संख्येची. दोन लाखांपर्यंतचे आकडे उच्चारले जात. हा आकडा रझवींना आपल्या अनुयायांची हिंमत वाढविण्यासाठी हवा होता, आणि भारतातील वृत्तपत्रांना धोक्याचे गांभीर्य पटविण्यासाठी हवा होता. दोन शत्रूंना एकच आकडा सोयीचा असला म्हणजे तो तपासून पाहण्यास कोणीच उरत नाही.

आकड्यांच्या या खेळात सरहद्दीवरची माणसे मात्र खरोखर मरत होती. मे १९४८ मध्ये कल्याणी भागातील गोरटा या गावावर रझाकारांनी हल्ला केला. मृतांची संख्या दोनशेच्या आसपास सांगितली जाते. गावोगावचे हिंदू कुटुंबकबिला घेऊन सोलापूर, बार्शीकडे निघाले. निर्वासितांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकती सोलापूर-पुण्याच्या पत्रांत छापून येत आणि ते अंक चोरवाटेने पुन्हा मोगलाईत शिरत, तेव्हा शेजारच्या तालुक्यात काय झाले हे तेथील माणसाला दूरच्या शहराच्या छापखान्यातून कळे. याच काळात बीदरचा विमानतळ वेगळ्याच कारणाने गाजत होता. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमाने कराचीहून शस्त्रे घेऊन बीदर व वरंगळ येथे उतरत. लोकांनी ती रात्री घरघरताना ऐकली की अफवेला पंख फुटत. खरी गुप्त बातमी आणि अफवा यांत सामान्य माणसाने भेद करावा तरी कसा? जेथे खऱ्या बातमीला बंदी आहे तेथे अफवा हेच वर्तमानपत्र होते.

शोएबउल्ला खान या तरुण संपादकाने हा भेद करण्याचा प्रयत्न केला. ‘रय्यत’ या उर्दू पत्रात त्यांनी काम केले होते. ते बंद पडल्यावर त्यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये ‘इमरोज’ हे दैनिक काढले. रझाकारांविरुद्ध लिहिणारा, जबाबदार राज्यपद्धती व भारतातील सामीलीकरण यांची बाजू मांडणारा हा संपादक मुसलमान होता आणि उर्दूत लिहीत होता. हाच त्याचा अक्षम्य अपराध ठरला. हैदराबादने भारतात सामील व्हावे असे निवेदन काही प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थांनी ऑगस्ट १९४८ मध्ये काढले, तेही ‘इमरोज’ने छापले. २१ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. वय तिशीच्या आतच होते. त्याच तारखेला हैदराबाद सरकारने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे पाठविली होती. बाहेरच्या जगापुढे न्यायाची भाषा आणि घरच्या संपादकापुढे तलवार, असा हा योग.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निघाले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या तुकड्या सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद या मार्गाने पुढे सरकल्या, म्हणजे मंठाळच्या उत्तरेकडील रस्त्यानेच. बीदर व वरंगळच्या विमानतळांवर बाँब पडले. रणगाड्यांनिशी निघालेल्या या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले. लष्करी कागदपत्रांत तिचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ होते. हे नाव सहज पडलेले नव्हे. युद्ध म्हटले की समोर दुसरे राष्ट्र मान्य करावे लागते आणि प्रश्न सुरक्षा समितीत जातो. पोलीस कारवाई म्हटले की तो घरचा बंदोबस्त होतो. एका शब्दाने एवढे काम क्वचितच केले असेल. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सरदार पटेल त्या वेळी गृहमंत्री व संस्थान खात्याचे मंत्री होते, त्याचबरोबर माहिती व नभोवाणी खातेही त्यांच्याकडेच होते. संस्थाने, पोलीस आणि आकाशवाणी ही तीन खाती एका हाती असणे हा दैवयोग असो वा योजना, हैदराबादच्या प्रकरणात त्याचे महत्त्व उघड आहे.

पाचव्या दिवशी सारे आटोपले. १७ सप्टेंबरला प्रथम पंतप्रधान मीर लायक अली यांनी रेडिओवरून राजीनाम्याची घोषणा केली; संध्याकाळी खुद्द मीर उस्मान अली खान ध्वनिक्षेपकापुढे आले. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने १९३७ साली मुखपृष्ठावर छापलेला, जगातील सर्वांत श्रीमंत म्हणून गाजलेला हा राजा आपल्या प्रजेशी नभोवाणीवरून प्रथमच बोलत होता, आणि भाषणाचा मसुदा भारताचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांनी सिद्ध केलेला होता. तेरा वर्षे रेडिओ केंद्र पदरी बाळगणाऱ्या राजाला ते स्वतः वापरण्याचा प्रसंग आला तो शरणागती सांगण्यासाठी. २३ सप्टेंबरच्या भाषणात तर त्यांनी आदल्या ऑक्टोबरातील वेढ्याचा दाखला देऊन, रझवी प्रभृतींनी हिटलरी पद्धतीने राज्य बळकावले होते असे सांगितले. ज्या आवाजाची लोकांना सवय नव्हती तो आवाज आठवडाभरात दोन वेळा ऐकू आला. पुढे एप्रिल १९५० मध्ये दक्कन रेडिओ आकाशवाणीत सामील झाला. एकोणीस वर्षांनी, जून १९६७ मध्ये, कैरोच्या ‘अरबांचा आवाज’ या केंद्रावरून शत्रूची विमाने पाडल्याच्या वार्ता चालू होत्या, तेव्हा इजिप्तचे वायुदल जमिनीवरच नष्ट झालेले होते. विजयाच्या वार्तांवर पोसलेल्या लोकांना पराभव एका दिवसात कसा सांगावा, हे कोडे कैरोलाही पडले.

यानंतरचा भाग मराठी वाचकाला फारसा सांगितला गेलेला नाही. सैन्य पुढे गेले आणि मागे सूड उगवला गेला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. जे रझाकार होते ते पुष्कळसे आधीच पळाले होते. मारले गेले त्यांत विणकर होते, मजूर होते, ज्यांनी राज्य कधी पाहिलेच नव्हते असे लोक होते. ‘अनल मलिक’ या दोन शब्दांची किंमत त्यांनी मोजली. पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठविले. त्यांतील काझी म्हणजे ‘पयाम’चे संस्थापक. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत हिंडले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आहे. सोलापूरकडून व इतर शहरांतून आलेल्या सशस्त्र माणसांचा, तसेच काही ठिकाणी सैनिक व पोलीस यांच्या सहभागाचाही त्यात उल्लेख आहे. आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचाही आहे. विणकरांनी विणकरांना आसरा दिल्याची गोष्ट त्यात विशेषत्वाने आली आहे. सरदार पटेलांना ही पाहणीच पसंत नव्हती. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचावयास मिळू लागल्याची वार्ता आली तोपर्यंत पासष्ट वर्षे लोटली होती.

येथे प्रचाराचे दुसरे अंग दिसते. पहिल्या आठ महिन्यांत सरहद्दीपलीकडच्या पत्रांना एकेका गावाची हकीकत मिळत होती. सप्टेंबरनंतर त्याच गावांची, त्याच वाटांनी येणारी हकीकत छापखान्यापर्यंत पोचेनाशी झाली. बंदीचा हुकूम कोणी काढलेला दिसत नाही. विजयाच्या आनंदात ती ऐकण्याची कोणाला इच्छा नव्हती, एवढेच. निजामाच्या गश्तीने जे साधले नव्हते ते लोकांच्या मनःस्थितीने साधले. बंदी घातलेले वृत्त नाव बदलून येते. ज्याला वाचकच नको आहे असे वृत्त कोणत्या नावाने येणार?

स्वराज्यात मात्र माध्यमांचा एक वेगळा, शांत प्रयोगही मराठी मुलखातच झाला, त्याची आठवण येथे अप्रस्तुत होणार नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणी व युनेस्को यांनी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकावयाचा आणि नंतर तेथेच बसून त्याची चर्चा करावयाची, शंका केंद्राला कळवावयाच्या, आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमात ऐकावयाची, अशी पद्धत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत माहितीची भर स्पष्ट दिसली. जेथे नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हते तेथे ती फारच थोडी. ऐकणाऱ्याला उलट बोलता येणे हा दक्कन रेडिओ आणि या प्रयोगातील फरक होता. ऑक्टोबरातील जमावालाही बोलता येत होते हे खरे, पण त्याला ऐकवायचे होते, विचारायचे काही नव्हते.

त्याच १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात, आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे म्हैसूर राज्यात. मंठाळ, बसवकल्याण, भालकी, औराद या भागांतील मराठी माणूस मराठी वृत्तपत्रांच्या मुख्य वाचकवर्गापासून पुन्हा एकदा सरहद्दीपलीकडे पडला. ‘मराठवाडा’ पत्र औरंगाबादेत स्थिर होऊन अनंत भालेरावांच्या संपादकत्वाखाली नावारूपास आले. त्यांनीच हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहास मराठीत लिहिला. सीमाप्रश्नाने दोन्ही भाषांतील वृत्तपत्रांना दीर्घकाळ मजकूर पुरविला, आणि एकाच गावाचे वर्णन सोलापूरच्या व कलबुर्गीच्या पत्रांत वाचले असता ती दोन गावे वाटावीत अशी स्थिती अनेकदा आली.

१७ सप्टेंबर हा दिवस आता तीन राज्यांत तीन नावांनी साजरा होतो. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे; कर्नाटकात पूर्वी हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन होता, २०१९ पासून प्रदेशाचे नाव कल्याण कर्नाटक झाले आणि दिवसाचे नावही त्याप्रमाणे बदलले; तेलंगणात विमोचन म्हणावे की एकात्मता, यावर पक्षोपक्षांत वाद चालत आला आहे. गोरटा येथे हुतात्म्यांचे स्मारक उभे राहून मार्च २०२३ मध्ये त्याचे अनावरण झाले. सुंदरलाल समितीचा अहवाल अभ्यासकांच्या हाती आला आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या खेड्यांत म्हातारी माणसे आपली वये सांगताना इसवी सन क्वचितच वापरीत. कोणाचा जन्म ‘रझाकारीत’ झालेला असे, कोणाचे लग्न ‘पोलीस ॲक्शनच्या’ साली. कोणत्या घराला त्यातला कोणता शब्द अधिक आठवतो, हे घराघरावर अवलंबून असे.